पाय जमिनीला लागला होता का?

मागच्या अंकात मी अमेरिकन नौदलातल्या ‘ब्लू वॉटर’ नाविकांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. व्हिएतनाम युद्धात जे जहाजावरच राहिले, किनाऱ्यावर कधी उतरले नाहीत, आणि पुढे ज्यांना तिथे फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाशी जोडलेले आजार झाले, त्यांना आता भरपाई मागता येते, एवढंच लिहिलं होतं. त्यावर पत्रांचा गठ्ठा आला. बरीचशी पत्रं अमेरिकेत लग्न होऊन गेलेल्या मुलींची आहेत. कुणाचे सासरे, कुणाचा नवरा, कुणाच्या शेजारचे आजोबा.

मेरीलँडमधल्या एका काउंटीच्या ऑफिसात एकोणीस वर्षं मी जुन्या सैनिकांचे क्लेम भरून देत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ही पत्रं वाचायला बसले आणि शेजारी पिवळं पॅड कधी ओढलं ते कळलं नाही. यातले सहा प्रश्न घेते. नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझे सासरे १९६८-६९ मध्ये अमेरिकन नौदलाच्या डिस्ट्रॉयरवर होते. आता वय सत्त्याहत्तर. मधुमेह आहे, २०१४ मध्ये हार्ट अटॅक येऊन दोन स्टेंट घातले. २००९ मध्ये त्यांनी मधुमेहासाठी क्लेम केला होता. ‘तुम्ही व्हिएतनामच्या जमिनीवर उतरल्याची नोंद नाही’ म्हणून तो नाकारला गेला. आता कायदा बदललाय असं मी सांगायला गेले, तर म्हणाले, ‘एकदा हात पसरला, पुन्हा नाही.’ मी सून. किती बोलायचं तेही कळत नाही. काय करू?

उत्तर : ‘हात पसरला’ हे शब्द मी माझ्या टेबलासमोर इतक्या जणांकडून ऐकलेत, आणि प्रत्येक वेळी तितकंच वाईट वाटलंय. हे मागणं नाही. हे त्यांचंच आहे, आणि ते का, हे आधी तुम्ही समजून घ्या. मग त्यांना सांगणं सोपं जाईल.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन हवाई दलाने ‘रँच हँड’ नावाच्या मोहिमेत दक्षिण व्हिएतनामवर सात कोटी लिटरच्या वर तणनाशकं फवारली. जंगल उघडं पडावं, शत्रूला आडोसा राहू नये, पिकंही मिळू नयेत, यासाठी. यातलं सर्वांत जास्त वापरलेलं मिश्रण म्हणजे एजंट ऑरेंज. हे नाव त्याच्या पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यावरून पडलं. ते बनवताना टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन त्यात उतरत होतं. खरं विष ते.

१९९१ मध्ये अमेरिकन संसदेने एजंट ऑरेंज कायदा केला. त्याचा गाभा एका शब्दात आहे : गृहीत. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या दरम्यान जो सैनिक ‘व्हिएतनाम प्रजासत्ताकात’ होता आणि ज्याला सरकारने ठरवलेल्या यादीतला आजार झाला, त्याचा आजार सेवेमुळेच झाला असं सरकारने धरून चालायचं. म्हणजे डॉक्टरकडून ‘हा मधुमेह त्या फवाऱ्यामुळेच’ असं लिहून आणायची गरज नाही. आजाराचं कारण सिद्ध करायचं नाही, जागा सिद्ध करायची. माझ्या सगळ्या नोकरीत लोकांना समजावायला सर्वांत अवघड गेलं ते हेच. लोक रिपोर्टांची पोतडी घेऊन यायचे, आणि मी विचारायचे, ‘जहाज कुठे होतं?’

पण ‘व्हिएतनामात होता’ म्हणजे काय? सुरुवातीला व्हिएतनाम सर्व्हिस मेडल असलं तरी काम भागायचं. २००२ मध्ये व्हीएने, म्हणजे जुन्या सैनिकांचं सगळं पाहणाऱ्या सरकारी खात्याने, नियम आवळला. पाय जमिनीला लागलेला हवा, नाहीतर जहाज आतल्या नद्यांमध्ये गेलेलं हवं. समुद्रावरचे सगळे बाहेर. ‘माउंट कॅटमाय’ या दारूगोळा वाहणाऱ्या जहाजावरचे जोनाथन हास कोर्टात गेले. २००६ मध्ये जिंकले, २००८ मध्ये वरच्या कोर्टात हरले. तुमच्या सासऱ्यांचा २००९चा नकार त्याच्या लगेच नंतरचा आहे. तेव्हा कुणीही कितीही चांगला कागद दिला असता, तरी उत्तर तेच आलं असतं. त्यांनी काही चूक केली नव्हती, हे त्यांना जरूर सांगा. पुष्कळजण वर्षानुवर्षं तेच मनात धरून बसतात, की मीच काहीतरी नीट लिहिलं नाही.

२९ जानेवारी २०१९ रोजी हे उलटलं. आल्फ्रेड प्रोकोपियो १९६६ मध्ये ‘इंट्रेपिड’ या विमानवाहू जहाजावर होते. त्यांना मधुमेह आणि प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. फेडरल सर्किट कोर्टाच्या पूर्ण पीठाने नऊ विरुद्ध दोन असा निकाल दिला, की देश म्हणजे त्याचा किनाऱ्यालगतचा समुद्रही. बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर. त्याच वर्षी मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने ४१० विरुद्ध शून्य मतांनी ब्लू वॉटर नेव्ही कायदा मंजूर केला. २५ जून २०१९ ला त्यावर सही झाली, आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू आहे.

आता तुमच्या घरचं. आधी कपाटातली जुनी पत्रं काढा. नोव्हेंबर २०२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने व्हीएला आदेश दिला होता, की ‘जमिनीवर नव्हता’ या कारणाने नाकारलेले नाविकांचे जुने क्लेम स्वतःहून काढून पुन्हा तपासा. ते काम २०२१मध्ये सुरू झालं. तुमच्या सासऱ्यांची फाईल एव्हाना उघडून झालेलीही असेल, आणि पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असेल. न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलेली अशी पाकिटं मी स्वतः फोडली आहेत.

तसं काही नसेल तर मधुमेहाचा क्लेम पुन्हा घालायचा. आधी नाकारलेल्या क्लेमसाठी फॉर्म २०-०९९५. इथे कायद्यातली एक फार मोलाची गोष्ट आहे. २५ सप्टेंबर १९८५ ते १ जानेवारी २०२० या काळात घातलेला क्लेम याच कारणाने नाकारला गेला असेल, तर नवीन क्लेम मंजूर झाल्यावर पैसे जुन्या क्लेमच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे २००९पासून. ज्या अर्जाची त्यांना लाज वाटते, तोच अर्ज आज त्यांच्या सर्वांत कामाचा आहे. एवढं एक वाक्य त्यांच्या कानावर घाला.

हृदयाचा मामला वेगळा. हृदयाला रक्तपुरवठा कमी पडण्याचा आजार २०१०मध्ये यादीत आला, पण त्यांनी त्यासाठी कधी अर्जच केला नाही. म्हणून तो नवा क्लेम, फॉर्म २१-५२६ईझेड, आणि पैसे आतापासून. याच आठवड्यात ‘क्लेम घालण्याचा इरादा आहे’ असं नुसतं कळवून ठेवा. तारीख गोठते आणि कागद जमवायला एक वर्ष मिळतं. रक्तदाब असेल तर तोही लिहा, २०२२च्या पॅक्ट कायद्याने तो यादीत आलाय. आणि तळपायाला मुंग्या येतात का, हे विचारा. ते मधुमेहामुळे असेल तर वेगळं मोजलं जातं, आणि हे लोक ते कधीच आपणहून सांगत नाहीत.

आजाराने माणूस किती अधू झाला ते व्हीए टक्क्यांत धरतं, त्याला रेटिंग म्हणतात, आणि पैसे त्यावर ठरतात. हे टक्क्यांचं गणित ऐकून ते वैतागतील. गोळ्या आणि पथ्य असलेल्या मधुमेहाला सहसा २० टक्के. हृदयाचं रेटिंग स्ट्रेस टेस्टमध्ये किती दम टिकतो त्यावर. समजा, ६० मिळाले. वीस आणि साठ ऐंशी होत नाहीत. आधी ६० घ्यायचे, उरलेल्या चाळीसांतले २० टक्के म्हणजे आठ, एकूण ६८, ते ७० धरतात. २०२५च्या दराने, बायकोला धरलं नाही तरी, ७० टक्क्यांचे महिन्याला १,७५९.१९ डॉलर, करमुक्त.

राहिला पुरावा. त्यांचा पाय जमिनीला लागला होता का, हा प्रश्न आता नाही. जहाज बारा मैलांच्या आत होतं का, आणि तेव्हा ते जहाजावर होते का, एवढंच. डिस्ट्रॉयर किनाऱ्यावरच्या सैन्याला तोफांचा आधार द्यायला जवळ जायच्या, म्हणून मला आशा आहे. पहिली गोष्ट डेक लॉगमध्ये, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीत मिळते, दुसरी त्यांच्या सेवेच्या फाईलमध्ये. डिस्चार्जच्या डीडी-२१४ कागदावर बहुधा शेवटचंच ठिकाण असतं, त्यामुळे सेंट लुईसच्या सरकारी अभिलेख केंद्रातून, जिथे जुन्या सैनिकांच्या फायली ठेवतात, पूर्ण फाईल मागवा. १९७३च्या आगीत तिथले लाखो कागद जळाले, असं कुणीतरी सांगेल. खरं आहे, पण त्या आगीत गेल्या त्या लष्कराच्या आणि हवाई दलाच्या फायली. नौदलाच्या वाचल्या.

आणि त्यांच्याशी बोलायचं कसं? क्लेमचा विषय काढू नका. मोठा नकाशा टेबलावर पसरा आणि विचारा, ‘बाबा, तुमचं जहाज इथे कुठे होतं?’ एवढंच. ते बोलायला लागले की लिहून घ्या. महिने, बंदरं, सोबतच्या माणसांची नावं. माझ्या अनुभवात हा प्रश्न मुलांनी विचारला की बाप उठून जातो, सुनेने विचारला की चहा थंड होईस्तोवर बोलतो.

प्रश्न : मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे. फवारा जंगलावर होता, आणि हे लोक मैलोन् मैल दूर समुद्रात. डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मग ते नाविकांच्या शरीरात गेलं कसं? ही भावनेच्या भरात दिलेली भरपाई तर नाही?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. पाण्यात विरघळत नाही म्हणून ते गाळाला आणि तेलकट कणांना चिकटतं. नद्या तो गाळ घेऊन समुद्रात येतात. जहाजं पाणी घ्यायची ती तिथूनच.

जहाजावर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यातून बनवतात. इव्हॅपोरेटर नावाचं यंत्र खारं पाणी कमी दाबाखाली उकळतं, वाफ थंड करून पाणी गोळा करतं, मीठ मागे राहतं. हे पाणी आधी बॉयलरला, मग स्वयंपाकाला, प्यायला, अंघोळीला. तुम्ही म्हणाल, ऊर्ध्वपातनात घाण मागेच राहणार. सगळ्यांना तसंच वाटायचं. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संशोधकांनी तिथल्या जुन्या नाविकांसाठी प्रयोग करून पाहिला, आणि डायॉक्सिन वाफेबरोबर पलीकडे जातं असं दिसलं. मीठ मागे, डायॉक्सिन पुढे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये हे शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे हे मान्य केलं. मात्र त्या काळी समुद्रात किती डायॉक्सिन होतं याची मोजमापंच नसल्यामुळे, नाविकांच्या शरीरात नक्की किती गेलं हे ठरवता येत नाही, असंही सांगितलं.

माझं मत विचाराल तर सांगते. मोजमाप नव्हतं कारण कुणी केलंच नाही. न केलेल्या मोजमापाचा तोटा विशीतल्या खलाशाने का सोसायचा? ‘गृहीत’ हा शब्द कायद्यात घातला तो अशाच वेळेसाठी. जमिनीवरच्या सैनिकालाही तुझ्या अंगावर किती थेंब पडले, असं कुणी विचारत नाही.

माझ्याकडे २००७ मध्ये एक गृहस्थ आले होते, इंजिनरूममधले मशिनिस्ट्स मेट. इव्हॅपोरेटर त्यांच्याकडे. ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगाबद्दल त्यांनी वाचलं होतं. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे रिपोर्ट माझ्यासमोर ठेवले आणि स्वतःबद्दल काही बोललेच नाहीत. म्हणाले, ‘पाणी मी करत होतो. तीनशे माणसं ते पीत होती.’ त्यांच्याबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिते.

प्रश्न : माझे यजमान विमानवाहू जहाजावर होते, यँकी स्टेशनला. त्यांनाही हे लागू होईल का? त्यांना थायरॉइड कमी असण्याचा त्रास आहे.

उत्तर : आजार यादीत आहे. हायपोथायरॉइडिझम २०२१मध्ये आला, मूत्राशयाच्या कर्करोगासोबत. अडचण जागेची आहे. यँकी स्टेशन टोंकिनच्या आखातात, किनाऱ्यापासून फार दूर होतं. कायद्यातली बारा मैलांची रेषा दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यासमोर आखलेली आहे. नुसतं ‘यँकी स्टेशन’ म्हटलं तर क्लेम टिकणार नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगितलेलं बरं.

पण जहाजं एका जागी बसून राहत नाहीत. प्रोकोपियोंचं ‘इंट्रेपिड’ही विमानवाहूच होतं. व्हीएने जहाजांची यादी आणि त्यांच्या तारखा जाहीर केलेल्या आहेत, ती पाहा. यादीत नाव नसलं तरी डेक लॉग पाहिल्याशिवाय हात टेकू नका. दुसरं म्हणजे, यजमानांना विचारा की टपालाच्या किंवा सामानाच्या विमानातून ते कधी दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगला उतरले होते का. आई आजारी म्हणून रजेवर जाताना, बदली होऊन जहाजावर येताना, दात दुखला म्हणून. एक तास का होईना, पाय जमिनीला लागला असेल तर मैलांचा प्रश्नच उरत नाही. बदलीचा आदेश, घरी पाठवलेलं पत्र, सोबत असलेल्या मित्राचं सहीनिशी निवेदन, यातलं काहीही चालतं.

प्रश्न : एका कंपनीचा फोन आला. ‘शंभर टक्के रेटिंग मिळवून देतो, वाढलेल्या रकमेचे सहा महिन्यांचे पैसे आम्हाला द्या.’ वडील सही करायला निघालेत.

उत्तर : थांबवा त्यांना. पहिला क्लेम भरून देण्याचे पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे. मान्यताप्राप्त वकील किंवा एजंटही पहिला निर्णय आल्यानंतरच फी घेऊ शकतो. काउंटीचं ऑफिस आणि मान्यताप्राप्त सैनिक संघटना हे काम फुकट करतात. त्यांना फॉर्म २१-२२ वर अधिकारपत्र दिलं की तुमच्या वतीने ते फाईल पाहू शकतात. फोनवर कुणालाही सोशल सिक्युरिटी नंबर किंवा बँकेचा खाते क्रमांक देऊ नका. याबाबत मला दुसरी बाजू दिसत नाही.

प्रश्न : तुमचं सदर वाचून राग आला. ज्यांनी विष फवारलं त्या देशाच्या सैनिकांना पैसे, आणि ज्यांच्या शेतावर ते पडलं त्यांना?

उत्तर : राग योग्य आहे, मी तो खोडणार नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या जुन्या सैनिकांनी उत्पादक कंपन्यांवर दावा लावला, तेव्हा १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. व्हिएतनामी लोकांनी लावलेला दावा २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने फेटाळला, अपिलात तो निर्णय कायम राहिला, आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला. दा नांगच्या विमानतळावरची माती अमेरिकेच्या पैशाने साफ झाली, ते काम २०१८मध्ये संपलं. बिएन होआच्या हवाई तळावरचं तसंच काम त्याहून कितीतरी मोठं आहे.

पण एकाला मिळालं नाही म्हणून दुसऱ्याचं थांबवावं, असं मला वाटत नाही. एल्मो झुमवाल्ट या अ‍ॅडमिरलनी व्हिएतनामात नौदलाची सूत्रं सांभाळताना नदीकाठची झाडी नष्ट करायला हा फवारा वापरायचा हुकूम दिला होता, कारण काठावरून त्यांच्या बोटींवर गोळ्या झाडल्या जात होत्या. त्याच नद्यांमध्ये त्यांचा मुलगा एका स्विफ्ट बोटीचा कमांडर होता. तो १९८८ मध्ये कर्करोगाने गेला. आपण दिलेल्या हुकमानेच मुलगा गेला असं अ‍ॅडमिरल उघडपणे मानत, आणि पुढची सगळी वर्षं ते या आजारी सैनिकांसाठी भांडले. माझ्यासमोर बसणारे तर हुकूम देणारेही नव्हते. ते पाणी पिणारे होते.

प्रश्न : स. न. मी मूळची मराठी, माझे मिस्टर अमेरिकन. १९७९ मध्ये आमचं लग्न झालं. ते १९७० मध्ये नौदलात होते, व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ. फुफ्फुसाचा कर्करोग झाला, २०१५ मध्ये क्लेम केला, नाकारला गेला. २०१६ मध्ये ते गेले. त्यानंतर मी काहीच केलं नाही. आता माणूसच नाही, तर कशाचे कागद करायचे, असं वाटत होतं. लेख वाचून झोप लागली नाही. उशीर झाला का?

उत्तर : नाही, उशीर झालेला नाही. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नका.

पहिली त्यांची. २०१५चा क्लेम ‘जमिनीवर नव्हते’ या कारणाने नाकारला असेल, तर त्या तारखेपासून ते जाईपर्यंतची जी रक्कम त्यांना मिळायला हवी होती, ती थकबाकी म्हणून हयात पत्नीला मिळू शकते. १९८६पासून चालत आलेल्या ‘नेमर’ खटल्यातल्या तडजोडीने हा हक्क दिलेला आहे. फुफ्फुसाचा कर्करोग चालू असताना रेटिंग १०० टक्के असतं. म्हणून त्या नकाराच्या पत्रात कारण काय लिहिलंय ते आज पाहा.

दुसरी तुमची. सेवेशी जोडलेल्या आजाराने सैनिक गेला तर विधवेला दरमहा भरपाई मिळते, तिला डीआयसी म्हणतात. २०२५चा मूळ दर १,६५३.०७ डॉलर. फॉर्म २१पी-५३४ईझेड. सोबत लग्नाचा दाखला, त्यांचा डीडी-२१४ आणि मृत्यूचा दाखला. ते गेल्यावर वर्षाच्या आत तुम्ही अर्ज केला नव्हता, म्हणून ही रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतील. मागची वर्षं या खात्यात मिळणार नाहीत. म्हणून अर्ज याच महिन्यात जाऊ दे.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय आहे ते नीट वाचा. पुष्कळदा तिथे नुसतं ‘न्यूमोनिया’ किंवा ‘हृदय बंद पडलं’ असं असतं, आणि कर्करोगाचं नावच नसतं. तसं असेल तर त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून, मृत्यूला कर्करोग कारणीभूत होता, असं पत्र घ्या. ज्या विधवांचे क्लेम माझ्याकडे अडकले, त्यातले बरेच या एका ओळीपाशी अडकले होते.

आता त्या मशिनिस्ट्स मेटचं सांगते, कारण त्यांच्या बायकोनेही मला अगदी तुमच्याच शब्दांत विचारलं होतं, उशीर झाला का म्हणून.

२००८ मध्ये त्यांच्यासाठी मी दोन दिवस सुटी काढून कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसले होते. तेव्हा डेक लॉग इंटरनेटवर नव्हते. वाचनकक्षात पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिलच न्यायची. खोक्यातून एकेका महिन्याची पानं काढायची. प्रत्येक पान पहाऱ्याप्रमाणे पाडलेलं, मध्यरात्र ते चार, चार ते आठ. सकाळी आठ, दुपारी बारा आणि रात्री आठ वाजता जहाज कुठे होतं ते अक्षांश-रेखांशांत, टाइपरायटरच्या फिकट शाईत, खाली पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याची सही. त्यांचं जहाज कधी धक्क्याला लागलं होतं का, ते मी शोधत होते. धक्क्याला लागलेलं असतं तर ते खाली उतरले होते असं तरी म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं : ‘दा नांग बंदरात नांगर टाकला.’ धक्का नाही, नांगर. बंदरात, चहूबाजूंनी किनारा दिसतोय, आणि तेव्हाच्या नियमाने ते बंदर खुला समुद्र मानलं जात होतं. मी ते पान तीनदा वाचलं. मग झेरॉक्स काढली आणि फाईलला लावली. क्लेम नाकारला गेला. २०१३ मध्ये ते गेले.

जानेवारी २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची बायको ऑफिसात आली. हातात तीच फाईल, रबरबँड वाळून तुटलेला. मी नवीन काहीच शोधलं नाही. बारा वर्षांपूर्वीची तीच झेरॉक्स वर ठेवली, समासात माझ्याच पेन्सिलीची खूण होती, आणि खाली फॉर्म जोडले. थकबाकी त्यांच्या २००७च्या अर्जापासून धरली गेली. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा तिने मला फोनवर ते पूर्ण वाचून दाखवलं, पान क्रमांकांसकट.

तुमच्या मिस्टरांच्या जहाजाचं नाव तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ते आणि १९७०मधले महिने मला संपादकांमार्फत कळवा. आता हे लॉग अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मी घरी बसून बघते.